बारदानाचं वजन

हे मी आजवर कुणापाशीच बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही, पिऊन तर्र झालो तेव्हासुद्धा नाही — आणि पिऊन मी काय काय बरळलोय ते आमच्या किन्हवलीच्या नाक्यावर कुणालाही विचारा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि एक आधीच सांगून ठेवतो — रडवेला चेहरा करून सांगणार नाही. तो दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस होता. अजून आठवला की छाती फुगते. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मी इतका खूश नव्हतो.

शहापूर-मुरबाड रस्त्याला आमची भाताची गिरणी आहे. तेव्हा वडिलांची होती, पण बसायचो मीच. नाव प्रभाकर, सगळे म्हणायचे पभाशेट. दोन हजार एक-दोन सालची गोष्ट. तेव्हा आमच्याकडे गाडीचं वेड नुकतं शिरलं होतं. कुणी वाशिंदला कंपनीत लागलेला, कुणाचा विटांचा धंदा, कुणाची जमीन हायवेला लागलेली — जो तो जुनी गाडी घ्यायचा आणि तिला नवरीसारखी सजवायचा. आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप होता. आणि त्या सजवण्यातली सगळ्यात मानाची गोष्ट म्हणजे मॅगव्हील.

ज्याला गाडीचं वेड नाही त्याला हे कसं समजावू? कंपनीतून गाडी येते ती पत्र्याची काळी चाकं घालून. ती काढायची आणि ॲलॉयची चकाकती चाकं बसवायची, एवढंच. पण त्यात ओरिजिनल आणि डुप्लिकेट. ओरिजिनल म्हणजे जपानी. दिसायला नाजूक, वजनाला हलकी, खड्ड्यात आदळली तरी हूं की चूं नाही. डुप्लिकेट दिसायला डिट्टो तशीच, पण जड. खड्ड्यात गेली की चीर पडायची, आणि आमच्या रस्त्याला तेव्हा खड्डे सोडून दुसरं काय होतं? तर ओरिजिनल कुणाला परवडायची नाही, आणि डुप्लिकेट आहे असं कुणी कबूल करायचा नाही.

माझी डुप्लिकेट होती.

हं. बोललो एकदाचा. पण हा गुन्हा नव्हे हो, हे तर काहीच नाही. मुंबईच्या ज्या दुकानातून घेतली त्या दुकानदारानं तोंडावर सांगितलं होतं, शेट, कॉपी आहे, पण कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही. मी गावात येऊन सांगितलं की बंदरावर कंटेनर फुटला, त्यातली आहेत, खास जपानी. लोकांनी ऐकलं. का ऐकणार नाहीत? माझी झेन लालभडक, चाकं चंदेरी, आठ काड्यांची, तसा नमुना आख्ख्या दोन तालुक्यांत दुसरा नव्हता. ताडून बघणार कशाशी?

उलट मीच त्या सगळ्यांचा मास्तर झालो. कुणी नवी चाकं आणली की आधी माझ्याकडे. मी म्हणायचो, कंपनीचा ठसा काय कुणीही मारतो रे, वजन कसं मारणार? आणि चाक सरळ गिरणीच्या काट्यावर. टायर उतरवून नुसती रिम घालायची. एकेकाची अशी जिरवलीय म्हणून सांगू! पोरं मान खाली घालून चाकं परत घेऊन जायची, आणि तरीही पुढच्या वेळी मलाच विचारायला यायची. माझं चाक काट्यावर घाला असं तीन वर्षांत एकही मायेचा पूत बोलला नाही.

आता दसऱ्याचं सांगतो. दसऱ्याला सकाळी घरोघरी गाड्या धुवायच्या, पूजा करायची, झेंडूचे हार घालायचे. मग सगळ्या गाड्या आमच्या गिरणीच्या आवारात जमायच्या. तिथून रांगेनं मुरबाडपर्यंत, वाटेत सोयऱ्याधायऱ्यांकडे सोनं वाटत. रांगेत पहिली गाडी कुणाची? ज्याची चाकं ओरिजिनल त्याची. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. पहिल्या गाडीपुढं नारळ फुटायचा. सरळगावच्या बाया घरातून बाहेर येऊन पहिल्या गाडीला ओवाळायच्या. तीन वर्षं ती गाडी माझी होती. हसू नका. ज्यानं भाताच्या कोंड्यात उभा जन्म काढलाय त्याला विचारा, ओवाळणं म्हणजे काय असतं.

आणि मग काशिनाथचा खोका आला.

काशिनाथ डोळखांबच्या अलीकडच्या एका पाड्यातला. आम्ही शाळेत एका बाकावर बसलेलो. वडील लहानपणीच गेले, त्याला वाढवला त्याच्या थोरल्या भावानं. दादानं स्वतः सातवीतून शाळा सोडली, फिटरचं काम शिकला, काशाला आयटीआय करवलं, आणि मग आखातात गेला. काशा वाशिंदला कारखान्यात होता. गरीब माणूस, पण एका बाबतीत त्याचा रुबाब बघायचा — 'आमचा दादा बोलला' म्हटलं की विषय संपला. उद्या दादा बोलला असता सूर्य उत्तरेला कसाऱ्याकडून उगवतो, तर हा तिकडं तोंड करून उभा राहिला असता. खरं सांगायचं तर मला त्याचा हेवा वाटायचा. माझ्या भावाबद्दल मला असं कधी वाटलं नाही.

काशानं एक जुनी झेन घेतली होती. आणि दादाला पत्रातून माझ्या गाडीचा फोटो पाठवला होता — पभाशेटसारखीच चाकं पायजेत. दादानं तिकडं दुकानं पालथी घातली, दोन महिने ओव्हरटाइम केला, आणि बोटीनं पेटी पाठवली. दसऱ्याला तो स्वतः महिन्याच्या सुट्टीवर आला, आणि पेटी त्याच आठवड्यात पोचली. दसऱ्याच्या आदल्या दुपारी काशा एक चाक घोंगडीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आला. सगळ्यांत आधी मलाच दाखवायचं म्हणून.

मी उकिडवा बसलो, चाक उचललं. आणि हाताला कळलं. डोळ्यांच्या आधी हाताला कळलं. मग उलटं करून बघितलं — काय ती मागची बाजू! कानाकोपऱ्यात कुठं खडबड नाही, ठसा मुळातूनच ओतलेला. तीन वर्षं मी ज्याच्या नावानं खोटं बोलत होतो ते खरं कसं असतं ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. आठच्या आठ काड्या. माझ्यासारखीच. म्हणजे आता ताडून बघायला जोड आली.

"कशी हायत, शेट?" काशानं विचारलं.

तेव्हा सांगता आलं असतं की नाही? एक नंबर आहेत लेका, उद्या पहिली गाडी तुझी. चार शब्द. जास्तीत जास्त काय झालं असतं — माझी गाडी रांगेत दुसरी लागली असती. पण मी चाक खाली ठेवलं, हात झाडले, आणि म्हणालो, "बघू. उद्या काट्यावर घालू."

तो खूश झाला हो! "घालूच! दोघांचीबी घालू. आमच्या दादानं आनलेली हायत, आमाला काय भ्या हाय?" असं बोलून घोंगडी गुंडाळून गेला.

आता काट्याचं नीट ऐका, कारण सगळं त्यातच आहे. आमचा काटा म्हणजे खाली लोखंडी फळी आणि वर आडवी दांडी. भात येतं गोणीत. गोणीचं वजन, म्हणजे बारदानाचं, दर वेळी वजा करत कोण बसणार? म्हणून दांडीच्या टोकाला एक छोटी कडी अडकवायची. बोटातल्या अंगठीएवढी. ती अडकवली की काटा आपोआप एक किलो कमी दाखवतो. गोणी संपल्या की कडी काढून खिळ्याला लावायची. गिरणीवाल्याशिवाय हे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण शेतकरी बघतो आकडा, दांडीचं टोक कोण बघतो?

आणि दसऱ्याला काट्याचीही पूजा असते. हळदकुंकू, आणि दांडीला झेंडूचा हार. दांडीचं टोक हारात गडप.

तर सकाळ झाली. बारा गाड्या आवारात. बातमी फुटली होतीच, म्हणून दुसऱ्या गावांतलीही पोरं आलेली. काशाचा दादा पांढराशुभ्र शर्ट घालून आलेला, आखाताच्या उन्हानं पार काळवंडलेला, कुणी बोललं की नुसता हसायचा. टायरवाल्यानं दोन्ही गाड्यांचं एकेक चाक उतरवलं, टायर सोडवले. मी म्हटलं, आधी पाहुण्यांचं. काशाची रिम फळीवर ठेवली. दांडी सरळ झाली. सहा किलो बरोबर. कुणीतरी मोठ्यानं वाचलं. पोरांनी माना डोलावल्या — सहा म्हणजे हलकंच.

मग माझी पाळी. माझ्या रिमचं खरं वजन पावणेसात. मला ते तीन वर्षं पाठ होतं.

मी चप्पल काढली. काट्यापुढं वाकलो. बोललो, आज दसरा आहे, काट्याची शप्पथ, जे असेल ते दाखव. सगळ्यांनी हात जोडले. काहींनी डोळे मिटले. दादानंही मिटले, मी बघितलं. आणि मी हार सारखा करता करता त्याच्याखाली कडी अडकवली. देवाला नमस्कार करता करता केलं हे मी.

पावणेसहा.

पाव किलोनं जिंकलो! नमुना एकच, म्हणजे जे जड ते डुप्लिकेट.

काय तो ओरडा उठला! गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मला पोरांनी खांद्यावर घेतलं. कुणी हलगी आणली होती, ती सुरू झाली. आणि मी वरून बघितलं तर काशा दादाकडे बघत होता. नुसता बघत होता. दादा बोलला, "मी सोता निवडून घेतली रं काशा." त्यावर काशा बोलला, सगळ्यांसमोर, "निवडून डुप्लिकेट घेतलीस?" पोरं हसली. मीही हसलो. खांद्यावर बसून हसलो.

खरं तर मी तिथं खाली उतरून काय करायला हवं होतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. मी नारळ फोडला आणि गाडी काढली. आणि तो प्रवास — काय सांगू! दोन्ही बाजूला भात पिवळं झालेलं, पुढं मोकळा रस्ता, मागं दहा गाड्यांचे हॉर्न. काच खाली, कोपर बाहेर. सरळगावला बायांनी ओवाळलं, एक म्हातारी बोलली, हाच का तो खऱ्या चाकांवाला? मुरबाडला पोचेपर्यंत माझा घसा बसला होता ओरडून. राजा होतो हो मी. त्या दिवशी मी राजा होतो, आणि ते सुख खोटं नव्हतं. इतकं खरं सुख मला नंतर कशातच मिळालं नाही. मागच्या आरशात मी काशाची गाडी शोधली होती. ती नव्हती.

दादाची सुट्टी महिन्याची होती. चौथ्या दिवशी तो गेला. काशानं त्याला सांगितलं होतं म्हणे, फसलास तर फसलो म्हन, वर खोटा कशाला बोलतंस? आणि दादा हट्टाला पेटला होता की मी बोललो ती खरी आहेत म्हणजे खरी आहेत. आयुष्यात पहिल्यांदा काशानं दादाचा शब्द मानला नाही. का मानेल? त्यानं काटा डोळ्यांनी बघितला होता.

इथं थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. थांबलो नाही. काशानं ती चाकं काढून गोठ्यात टाकली, परत पत्र्याची बसवली. मी गेलो त्याच्याकडे. म्हटलं, भंगारात देणार असशील तर मला दे, स्टेपनीला होतील. तो बोलला, "घेऊन जा शेट, डोल्यांसमोर नको मला ती." फुकट. वर चहा पाजला. मी चारही घेऊन आलो, त्याच आठवड्यात माझ्या गाडीला बसवली, आणि माझी डुप्लिकेट पोटमाळ्यावर कोंड्याच्या पोत्यांमागं टाकली. नमुना एकच. कुणाला काय कळणार? पुढच्या दसऱ्याला मी स्वतःहून म्हटलं, घाला रे माझं चाक काट्यावर, होऊन जाऊ दे! हार बाजूला केला, सगळ्यांना दांडी दाखवली, कडी खिळ्याला. सहा किलो. मागच्या वेळी पावणेसहा होतं, असं एक जण पुटपुटला, तर दुसऱ्यानंच त्याला गप्प केलं — अरे, रस्त्याची माती बसली असेल! माझं खोटं आता खरं झालं होतं. मी पुन्हा पहिला. त्यानंतरही दरवर्षी पहिला.

काशाच्या लग्नाला दादा आला नाही. तिकडून साड्या पाठवल्या, पण स्वतः आला नाही. वडील नाहीत, थोरला भाऊ नाही, मग वडीलकी कुणी करायची? मी केली. वरात माझ्या गाडीतून निघाली. काशा मुंडावळ्या बांधून माझ्या शेजारी बसला, आणि दादानं त्याच्यासाठी ओव्हरटाइम करून घेतलेल्या चाकांवर बसून लग्नाला गेला. हे आख्ख्या वऱ्हाडात मला एकट्याला ठाऊक होतं. गाडी चालवताना मला जरा बोचलं म्हणता? नाही. मला वाटलं, काय चाललीय गाडी! लोण्यासारखी.

सात वर्षांनी दादा कायमचा परत आला. मी म्हटलं, आता भांडण उकरून काढणार हा. दिवाळी झाल्यावर एका सकाळी तो गिरणीत आला, नवं भात घेऊन. केस पांढरे झालेले. भात उतरवलं, काट्यावर घातलं, सगळं झालं, तरी जाईना. मग बोलला, शेट, एक बोलायचंय. मी उगाच वही उघडून त्याच्या भाताचा आकडा परत लिहायला घेतला.

तो बोलला की त्या वर्षी परत गेल्यावर तो त्या दुकानात गेला होता. दुकानदाराला चोर म्हणाला, हातघाईवर आला. दुकानदार कागद दाखवत होता, शपथा घेत होता, यानं ऐकलं नाही. नोकरी जाता जाता वाचली. तरी भावाला मात्र लिहायचं नाही, वाकायचं नाही, असा ताठा धरून बसला. आता परत आल्यावर, आठ दिवसांपूर्वी, त्यानं काशाला समोर बसवलं आणि त्याची माफी मागितली. थोरल्यानं धाकट्याची. बोलला, चूक माझीच होती रे, मी फसलो आणि तुला खोटा पाडत बसलो. दोघं रडले. आता एका चुलीवर जेवतात.

"तुमचा काटा होता म्हनून, शेट," दादा मला बोलला. "नायतर मी जल्मभर त्याला खोटंच सांगत रायलो असतो."

माझी गाडी दारात उभी होती. तो चालत तिथपर्यंत गेला, खाली बसला, चाकावरून हात फिरवला. हळूहळू, एकेका काडीवरून. मान हलवत बोलला, "ही बघा, खरी ती खरीच. हात लावला की कलते. मला तवा नाय कलला."

मी काय केलं असेल? सांगा. त्याच्याजवळ जाऊन बसलो, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि म्हणालो, "जाऊ दे दादा. फसतो माणूस. मी कधीच मनात ठेवलं नव्हतं."

त्याचे डोळे भरून आले. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. आणि मला, तुम्हाला शप्पथ सांगतो, फार बरं वाटलं.